आयर्लंडमधलं अख्खं जुनं घर घरच्या कार्यक्रमासाठी घेतलं, त्याचा रिव्ह्यू

पहिलेच सांगून टाकते, आयर्लंडमधलं जुनं कंट्री हाऊस, म्हणजे जमीनदारांचा खेड्यातला मोठा वाडा, फॅमिली फंक्शनसाठी घ्यायचं असेल तर फोटो नंतर पाहा, आधी विचारा की किचन आमच्या ताब्यात मिळणार का. झुंबर, मोठा जिना, समोर हिरवंगार लॉन हे तिथल्या सगळ्याच घरांत असतं, पण वीस-बावीस मराठी माणसं एका छताखाली राहणार आणि सकाळचा चहा टाकायलाही कोणाची परवानगी घ्यावी लागणार असेल तर ते घर आपल्या कामाचं नाही, कितीही सुंदर असू द्या.

आमचं निमित्त म्हणजे आई-बाबांच्या लग्नाची ५० वर्षं. आम्ही नागपुरात, दादा-वहिनी डब्लिनला, काकांची दोन्ही मुलं लंडनला, आत्या पुण्याला. लंडनवाल्या पोरांना मेच्या शेवटच्या आठवड्यात शाळेला सुट्टी असते, आपल्याकडच्या शाळा तर तेव्हा बंदच, म्हणजे सगळ्यांना जमणारा तोच एक आठवडा, आणि त्या आठवड्यात नागपुरात हॉल घ्यायचा म्हणजे ४५ डिग्रीत म्हाताऱ्या माणसांना घराबाहेर काढायचं, कूलर किती लावणार. दादा म्हणे, "तुम्हीच इकडे या ना, इथे लोक अख्खं घर घेतात भाड्याने, हॉटेलात कायले जायचं." बाबांना वाटलं पोरगा उगाच मोठेपणा करून राहिला, पण हिशोब मांडला तेव्हा आमच्याइतक्या माणसांसाठी डब्लिनच्या बऱ्या हॉटेलात जेवढ्या खोल्या लागतील त्याच्या भाड्यात आणि या घराच्या भाड्यात फार फरक नव्हता, थोडं जास्तच पडलं पण घर पूर्ण आपलं.

शोधताना एक कळलं की ही घरं साधारण दोन प्रकारची असतात. एक म्हणजे स्टाफसकट मिळणारी, शेफ त्यांचा, वाढपी त्यांचे, मेन्यू त्यांचा. वॉटरफर्डमधला लिस्मोर कॅसल, ड्यूक ऑफ डेव्हनशायरच्या घराण्याचा, तो पूर्ण भाड्याने मिळतो पण असाच स्टाफसकट, आणि मोनॅहनमधल्या कॅसल लेस्लीत तर २००२ मध्ये बीटल्सवाल्या पॉल मॅकार्टनीचं लग्न झालं होतं, म्हणजे कोणत्या लेव्हलचं काम आहे ते समजून घ्या. दुसरी घरं त्यापेक्षा लहान, मालकाचं कुटुंब बाजूच्या विंगमध्ये नाहीतर आवारातल्या छोट्या घरात राहतं आणि मुख्य घर किल्ल्यांसकट आपल्या हातात देतं. आम्हाला आधी एक घर फार आवडलं होतं, तळ्याकाठचं, वहिनीने तर सगळ्या खोल्याही वाटून टाकल्या होत्या, पण त्यांनी स्वच्छ लिहिलं की स्वयंपाक आमचाच शेफ करेल, पाहुण्यांना किचनमध्ये येता येणार नाही, हवं तर एक दिवस "इंडियन करी नाइट" करून देऊ. आईने एका वाक्यात निकाल लावला, "माझ्या लग्नाच्या वाढदिवसाला मी दुसऱ्याच्या हातची करी खाणार नाही." विषय संपला.

मग मीथ काउंटीतलं हे घर मिळालं, डब्लिन एअरपोर्टपासून गाडीने तासाभराच्या आसपास. तिथे अजून मालकांचं कुटुंब राहतं म्हणून नाव टाकत नाही. अठराव्या शतकातलं जॉर्जियन, म्हणजे ब्रिटनच्या जॉर्ज राजांच्या काळातल्या धाटणीचं घर, बाहेरून एकदम साधं, करड्या दगडाचं, चौकोनी, खिडक्या एका ओळीत. आत गेलं की छत पाहून मान दुखते, प्लास्टरमध्ये हाताने काढलेल्या वेली आणि पक्षी, एक पक्षी दुसऱ्यासारखा नाही. खिडकीच्या दोन्ही बाजूंना लाकडी कप्प्यासारखं दिसतं ते ओढलं की शटर बाहेर येतं, घड्या घालून भिंतीत बसवलेलं, पोरांना तो खेळच मिळाला. मला सगळ्यात भारी काय वाटलं असेल तर समोरचं लॉन. खिडकीतून पाहिलं तर लॉन सरळ शेतापर्यंत जातं आणि गाई जणू अंगणातच चरताहेत असं दिसतं, मधे कुंपण नाही, तार नाही, काही नाही. पोरं पळत सुटली तेव्हा कळलं की पुढे जमीन अचानक खाली जाते, खणून दगडी भिंत घातलीय, गाई पलीकडेच राहतात आणि घरातून भिंत दिसत नाही. अडीचशे वर्षांपूर्वी कोणीतरी फक्त खिडकीतून दिसणाऱ्या देखाव्यासाठी एवढं खोदकाम करवून घेतलं. लहान मुलं असतील तर मात्र पहिल्याच दिवशी त्यांना तिथवर नेऊन दाखवा, उतार संपतो ते कळत नाही आणि पडलं तर लागण्यासारखी उंची आहे.

आता किचन. घराच्या तळघरात आहे, जुन्या काळी नोकर तिथेच राबत असणार, भिंतीवर अजून घंटांची ओळ आहे, प्रत्येक घंटा वरच्या एकेका खोलीची. मधोमध लांब लाकडी टेबल आणि भिंतीला लागून आगा. आगा म्हणजे ओतीव लोखंडाची भलीमोठी शेगडी, १९२२ मध्ये गुस्ताफ डालेन नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने शोधलेली. त्याला १९१२ मध्ये फिजिक्सचं नोबेल मिळालं होतं आणि त्याच वर्षी एका स्फोटात त्याची दृष्टी गेली होती. ही जुन्या पद्धतीची शेगडी दिवसरात्र गरमच असते, बटण फिरवून आच कमी-जास्त करायची सोय नाही. वर झाकणाखाली दोन गोल तवे, एक खूप तापलेला आणि एक मंद, खाली ओव्हनचे कप्पे. काकू पाहून म्हणाली, "बाप्पा, याला तर आचच नाही, पोळी फुगवू कुठे?" मालकीणबाई शांतपणे म्हणाल्या की मंद तव्यावर सरळ टाकून पाहा. काकूने तवा कापडाने स्वच्छ पुसून पोळी थेट त्याच्यावर टाकली, उलटली, कडेने रुमालाने दाबली, आणि टम्म फुगली. त्यानंतर काकूने त्या शेगडीजवळून कोणाला फिरकू दिलं नाही.

पण आगावर खूप माणसांचा स्वयंपाक करायचा तर तिचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. झाकण उघडं राहिलं की तवा थंड होत जातो, मग परत तापायला वेळ घेतो, म्हणजे मसाला परतत अर्धा तास उभं राहायचं आपलं गणित तिथे बसत नाही. फोडणी आणि परतणं तव्यावर पटकन उरकायचं आणि मग पातेलं झाकून सरळ ओव्हनमध्ये सरकवायचं. भातही तसाच केला, एकदा उकळी आली की ओव्हनमध्ये, शीत न् शीत मोकळं. गोल बुडाची कढई अजिबात चालत नाही, सपाट बुडाचीच भांडी लागतात, कुकर मस्त चालतो. आम्ही वडाभाताचा बेत केला होता, वडे तळायला कढई कुठे ठेवणार, तर दादाने डब्लिनहून त्याची इलेक्ट्रिकची शेगडी आणि सपाट पॅन आणला म्हणून झालं. आणि तळणाचं उरलेलं तेल सिंकमध्ये ओतायचं नाही, हे त्यांनी लिहून भिंतीला लावलंय, कारण खेड्यातल्या या घराला सरकारी गटार नाही, स्वतःचा सेप्टिक टँक आहे आणि तेल गेलं की तो तुंबतो. बाटलीत भरून वेगळं द्यायचं.

नागपूरहून काय न्यायचं याबद्दल नीट माहिती काढा. युरोपियन युनियनच्या बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला सामानात मांसाचे आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत, म्हणून तूप, खवा, आईने ठरवलेली संत्रा बर्फी, हे सगळं आम्ही घरीच ठेवलं. कोरडा मसाला नेला, खसखस, सुकं खोबरं, दगडफूल, भिवापुरी मिरचीचं तिखट. मटण तिथल्या गावातल्या खाटकाकडून घेतलं. आपल्याकडे बोकडाचं असतं, तिथे मेंढीचं कोवळं, त्यामुळे सावजी रस्सा करताना निम्म्या वेळातच शिजलं, जास्त ठेवलं असतं तर हाडापासून सुटून गेलं असतं. तर्री मात्र तशीच आली, लालभडक. मालकीणबाईंना आणि त्यांच्या नवऱ्याला आम्ही जेवायला बोलावलं होतं, दोघांनी नाक पुसत पुसत सगळं संपवलं आणि दह्याची दुसरी वाटी मागितली. बाबा त्यांना आग्रह करून वाढत होते, इंग्रजी तोडकंमोडकं पण हातवारे पूर्ण.

त्या जेवणातच बाबांनी विचारलं की इतकं मोठं घर सांभाळता तरी कसं. बाबा रेल्वेत होते, मेंटेनन्स म्हणजे काय ते त्यांना माहिती. बाईंनी लपवाछपवी न करता सांगितलं. ही घरं उभी राहिली ती कुळांच्या खंडावर, हजारो एकर जमीन आणि भाडं देणारे गरीब शेतकरी. १८४५ पासून बटाट्याचं पीक सडत गेलं आणि त्या दुष्काळात दहा लाखांच्या आसपास माणसं मेली, तेवढीच किंवा जास्तच देश सोडून गेली, आणि तेव्हाही अशा घरांत मेजवान्या होत होत्या, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. पुढे जमीन कायदे आले, १९०३ च्या कायद्याने सरकारी कर्जावर कुळांनी जमिनी विकत घेतल्या, घराला खंडाचं उत्पन्न राहिलं नाही. १९१९ ते १९२३ मध्ये ब्रिटिशांविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धात आणि नंतरच्या यादवीत पावणेतीनशेच्या वर घरं जाळली गेली. जी उरली त्यातल्या बऱ्याच घरांची छपरं मालकांनीच नंतर काढून टाकली, छप्पर नसलं की घरपट्टी लागायची नाही म्हणून. बाबा म्हणाले आमच्याकडे महाल भागातला भोसल्यांचा राजवाडाही १८६४ मध्ये जळाला, नगारखान्याचा दरवाजा तेवढा उभा आहे. मग ते दोघं बराच वेळ छप्पर, गळती आणि लाकडाला लागणारी कीड यावर बोलत बसले, मध्ये मी दुभाषी.

घर वाचवायची चळवळ तिथे उशिरा सुरू झाली. १९५८ मध्ये डेझमंड आणि मरीगा गिनेस या नवराबायकोने आयरिश जॉर्जियन सोसायटी काढली, १९६७ मध्ये डेझमंड गिनेसने किल्डेअरमधलं कॅसलटाउन हाऊस विकत घेऊन वाचवलं, १७२२ मध्ये बांधायला घेतलेलं, आयर्लंडमधल्या सगळ्यात भव्य घरांपैकी एक, आता सरकारकडे आहे. खासगी मालकांसाठी टॅक्स कायद्यात कलम ४८२ आहे, मान्यता मिळालेल्या घराच्या दुरुस्तीच्या खर्चावर सूट मिळते. त्यासाठी बरीच घरं वर्षातले किमान ६० दिवस लोकांना पाहायला उघडी ठेवतात आणि त्यातले ४० दिवस मे ते सप्टेंबरमध्येच धरावे लागतात. हे मुद्दाम सांगून राहिली कारण आपला कार्यक्रम नेमका त्याच महिन्यांत असतो, तेव्हा बुक करतानाच विचारून घ्या की आमच्या तारखांना टूरवाले लोक येणार आहेत का. आमच्या तारखा मोकळ्या होत्या, पण आधी विचारलं म्हणून मोकळ्या मिळाल्या.

कार्यक्रमाच्या दिवशी औक्षणाचा प्रश्न होता. करारात स्पष्ट लिहिलं होतं की मेणबत्त्या, फटाके, उघडी ज्योत काही चालणार नाही, विम्याची अट. आत्याने निरांजन आणलं होतं, खास त्यासाठी. मी बाईंना मेल करून विचारलं, निरांजनाचा फोटो पाठवला, किती मिनिटं पेटणार ते सांगितलं, तर त्यांनी उत्तर दिलं की हॉलमध्ये दगडी फरशीवर, पडद्यांपासून लांब, मी स्वतः हजर असताना करा. आणि खरंच उभ्या राहिल्या, हातात ओला नॅपकिन घेऊन. पाच सुवासिनींनी आई-बाबांना ओवाळलं, सहाव्या म्हणून आईने बाईंच्या हातात ताट दिलं. त्यांनी आधीच्या पाचजणींचं पाहून अगदी हळू, न सांडता ओवाळलं. आई आतापर्यंत नातेवाइकांना फोनवर हेच सांगून राहिली आहे, झुंबराबद्दल एक शब्द नाही.

आता त्रासाच्या गोष्टी, कारण त्या कोणी सांगत नाही. लिफ्ट नाही आणि असणारही नाही. घर प्रोटेक्टेड स्ट्रक्चर, म्हणजे कायद्याने जपलेली इमारत, म्हणून नोंदलेलं असलं की त्याचं रूप बदलेल असं काम परवानगीशिवाय करताच येत नाही, त्यामुळे खिडक्यांना एकेरीच काच आणि जिने जसे होते तसे. बेडरूम सगळ्या वर, किचन खाली तळघरात, आणि तळघराचा जिना अरुंद, दगडी, मधे झिजलेला. आमच्या आत्याचे गुडघे दुखतात, तिच्यासाठी तळमजल्यावरच्या वाचनाच्या खोलीत पलंग टाकून द्या असं आम्ही आधीच लिहिलं होतं आणि त्यांनी टाकून दिला, पण प्रत्येक घरात तशी खोली आणि त्याच मजल्यावर बाथरूम असेलच असं नाही. बाथरूम हा तर वेगळाच विषय. पायांवर उभा असलेला ओतीव लोखंडाचा टब, फोटोत फार छान, पण त्याची कड माझ्या गुडघ्याच्या वर येते आणि सत्तरी पार केलेल्या माणसाने ओल्या पायाने त्यातून बाहेर कसं यायचं. धरायला दांडा नाही. आम्ही गावातून बकेट, मग आणि रबरी मॅट विकत आणली आणि म्हाताऱ्या मंडळींनी शॉवरवाल्या एका बाथरूममध्ये बसून आंघोळी केल्या, सकाळी रांग लागायची. गरम पाणीही एकामागोमाग चार-पाच आंघोळी झाल्या की कोमट होतं, अर्धा तास थांबा.

थंडी पण. मे महिना असून रात्री स्वेटर, शाल, मोजे सगळं लागलं. हीटिंग सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळात चालतं, दिवसभर चालू ठेवायचं तर वेगळे पैसे. उंच छताच्या खोल्या लवकर तापत नाही, मग सगळे आपोआप किचनमध्येच येऊन बसायचे, आगाच्या उबेला. ज्या घरी बेडरूमची दारं लावून जो तो मोबाइल पाहतो तीच मंडळी रात्री बारापर्यंत त्या टेबलाभोवती, कोणी लसूण सोलून राहिलं, कोणी जुने किस्से काढून राहिलं, बाहेर पावणेदहाच्या सुमारास सूर्य मावळतो त्यामुळे झोपायची वेळ झाली हेच कळत नाही. दोन चुलत भावांमध्ये काही वर्षांचा अबोला होता, तो तिथे भांडी घासता घासता सुटला. हॉटेलात प्रत्येकाला खोलीची चावी मिळते, असं काही होत नाही.

मोबाइलला रेंज जवळपास नाही, वायफाय फक्त खालच्या मजल्यावर. गावात बस दिवसातून मोजकीच, टॅक्सी बोलावली तर एकदा तासभर आलीच नाही, म्हणून गाड्या भाड्याने घेतल्याशिवाय जाऊ नका. आम्ही एक दिवस न्यूग्रेंज पाहून आलो, पाच हजार वर्षांपूर्वीचं दगडी थडगं, पिरॅमिडच्याही आधीचं, व्हिजिटर सेंटरमधूनच बसने नेतात आणि तिकीट आधी काढावं लागतं. बाकी वेळ घरातच गेला आणि त्याचं कोणाला वाईट वाटलं नाही.

विसाचं लवकर सुरू करा. युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच विसा चालतो तो शेंगेन, आणि आयर्लंड त्या शेंगेनमध्ये नाही, त्यामुळे शेंगेन विसा असून उपयोग नाही, वेगळा घ्यावा लागतो. आम्ही घराच्या बुकिंगचं पत्र, दादाचं निमंत्रण आणि सगळ्यांच्या नात्याचा एक साधा तक्ता करून जोडला होता. आणि कोणाला तिथे वाढदिवस नाही तर कायदेशीर लग्नच लावायचं असेल तर किमान ३ महिने आधी तिथल्या रजिस्ट्रारला नोटीस द्यावी लागते, घर बुक करायच्या आधी ते पाहा.

डिपॉझिट पूर्ण परत आलं, लाकडी टेबलावर हळदीचा एक मोठा डाग राहिला होता तरी. निघताना आम्ही तो दाखवला, पैसे कापून घ्या म्हटलं, तर बाई म्हणाल्या त्या टेबलावर याहून जुने डाग आहेत, राहू द्या. दादाने आता कॉर्ककडची दोन-तीन घरं काढून ठेवलीत, काका-काकूंची पंचाहत्तरी येतेय, आणि तिन्ही ठिकाणी पहिला मेल काकूने सांगितल्याप्रमाणे गेलाय: शेगडी कोणती आहे, सपाट तवा किती मोठा, आणि तळमजल्यावर झोपायची खोली आहे का.